वारा, भरती आणि अर्नाळ्याची होडी

विरारच्या पूर्वेला मनवेलपाडा आहे. तेथून रेल्वे ओलांडून पश्चिमेला गेले, की अर्नाळ्याचा किनारा लागतो. समोर, वैतरणा नदीच्या मुखाशी, एक लहानसे बेट दिसते. त्यावर कोळ्यांची वस्ती आणि १७३७ मध्ये मराठ्यांकडे आलेला जलदुर्ग आहे. खाडीत शिरणाऱ्या गलबतांवर नजर ठेवण्यास ही जागा उत्तम! आज तेथे यंत्राच्या होडीने जातात. पण समजा, तुम्हांला शिडाच्या होडीने जायचे आहे. मग केव्हा निघाल?

पहिला विचार वाऱ्याचा. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते. म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. दुपारी जमीन अधिक तापते आणि खारा वारा समुद्राकडून येतो. हिवाळ्यात हा खेळ स्पष्ट दिसतो. म्हणजे सकाळी जावे, दुपारनंतर परतावे!

वारा बाजूने आला तर? ओला चिंचोका चिमटीत दाबला, की तो पुढे निसटतो ना? तसेच येथे होते. वारा शिडाला ढकलतो, पाणी होडीला आडवे सरकू देत नाही आणि होडी पुढे जाते. समोरच्या वाऱ्यात मात्र तिला नागमोडी जावे लागते.

दुसरा विचार पाण्याचा. ओहोटीला उथळ जागी होडी वाळूत रुतण्याचा धोका असतो. भरतीची वेळ काढण्याची कोकणातील जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करा. दशमीला १० × ३/४ = ७॥, म्हणजे सकाळी व रात्री साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. असे का? चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. त्याच्याबरोबर भरतीही मागे पडते. पाऊण तास हा त्याचाच ठोकळ हिशेब.

आता दोन्ही गोष्टी जुळवा. दशमीला सकाळी साडेसातला पाणी भरपूर आणि वाराही अनुकूल. दुपारी पावणेदोनच्या सुमारास ओहोटी. संध्याकाळी पाच वाजता पाणी पुन्हा चढलेले आणि खारा वारा पाठीशी. अमावास्येला मात्र भरती दुपारी बाराच्या सुमारास व ओहोटी सकाळी सहाला. मतलई वारा असूनही पाणी नाही!

पंचांग घेऊन आठवडाभराच्या भरतीच्या वेळा काढा आणि वर्तमानपत्रातील वेळांशी ताडून पाहा. कोणत्या तिथीला फरक सर्वांत जास्त पडतो? त्याचे कारण वर्गात शोधा.