काचेतला फॉस्फरस

वाळूज आणि शेंद्र्याची ओळख सांगताना आपण बजाज आणि स्कोडाची नावे आधी घेतो. स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या तिथल्या कारखान्यांतून निघणारा ऑप्टिकल फायबर मात्र गप्पांत क्वचित येतो. खरे तर छत्रपती संभाजीनगर हे काचेचेही शहर आहे. फायबर ओढण्याच्या मनोऱ्याच्या माथ्यावर काचेचा जाड दांडा, म्हणजे प्रीफॉर्म, टांगलेला असतो. सुमारे २००० अंश सेल्सिअसच्या भट्टीत त्याचे टोक मऊ होऊन ओघळते आणि खाली पोहोचेपर्यंत त्याचा १२५ मायक्रॉन जाडीचा तंतू झालेला असतो. या तंतूच्या आठ-नऊ मायक्रॉनच्या गाभ्यात प्रकाश कोंडून राहतो, कारण तिथल्या सिलिकात जर्मेनियम मोजूनमापून मिसळलेले असते. सगळी करामत त्या मिसळण्यात आहे. अशाच एका मिश्रणाची, फॉस्फोसिलिकेट काचेची, ही कहाणी.

शुद्ध सिलिका मोठी हट्टी. दीड हजार अंशांनाही ती वाहायला तयार नसते. तिच्यातला प्रत्येक सिलिकॉन अणू चार ऑक्सिजन अणूंमार्फत चार शेजाऱ्यांशी घट्ट बांधलेला असतो. तिथे फॉस्फरस आला की त्याच्या चार ऑक्सिजनांपैकी एक त्याच्याशीच दुहेरी बंधाने जोडला जातो आणि शेजाऱ्याकडे जाणारा एक दुवा कमी होतो. जाळे सैल पडते. त्यामुळे काच कमी तापमानाला मऊ होते. तिचे प्रसरण सिलिकॉनच्या प्रसरणाच्या जवळ येते, म्हणून सिलिकॉनवरचा थर सहसा तडकत नाही. शिवाय हायड्रोफ्लोरिक आम्लात ती साध्या सिलिकापेक्षा कितीतरी झपाट्याने विरघळते. पुढचे काही उपयोग या सैलपणातूनच निघाले आहेत.

चिपच्या कारखान्यात या काचेचा थर ४०० अंशांच्या आसपास सिलेन, ऑक्सिजन आणि फॉस्फीन या वायूंपासून बसवतात. फॉस्फीन मराठवाड्याला अनोळखी नाही. धान्याच्या कोठारात ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून हाच विषारी वायू सुटतो. चिपच्या कारखान्यात तो बंदिस्त कपाटांतून, गळती पकडणाऱ्या यंत्रांच्या पहाऱ्यात वाहतो.

१९६० च्या दशकात मॉस ट्रान्झिस्टर बनू लागले, पण त्यांचा भरवसा नव्हता. आज ज्या व्होल्टेजला ट्रान्झिस्टर चालू होई, ते काही दिवसांनी सरकलेले असे. ट्रान्झिस्टरमधल्या सिलिकाच्या, म्हणजे ऑक्साइडच्या, थरात भटकणारे सोडियमचे आयन हे त्याचे एक मोठे कारण. सोडियम घामात, धुळीत, रसायनांत, सगळीकडेच. १९६४ मध्ये आयबीएमच्या केर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ऑक्साइडवर फॉस्फरस पेंटॉक्साइडचा संस्कार केला की हे सरकणे आटोक्यात येते. सोडियमची चाल उलगडणारा फेअरचाइल्डच्या स्नो, ग्रोव्ह, डील आणि साह यांचा निबंध पुढच्याच वर्षी आला. त्यातले ग्रोव्ह म्हणजे नंतर इंटेलचे प्रमुख झालेले अँड्र्यू ग्रोव्ह. फॉस्फोसिलिकेट काच सोडियमला आपल्यातच अडकवून ठेवते. मॉस तंत्र बाजारात टिकले त्यात या काचेचा वाटा मला फार मोठा वाटतो, आणि चिपच्या इतिहासात तो पुरेसा सांगितला जात नाही.

दुसरे काम सपाटीकरणाचे. चिपवरच्या उंचसखल कडांवरून ॲल्युमिनियमची वाट नेली तर ती कोपऱ्यावर तुटते. हजार ते अकराशे अंशांना ही काच किंचित वाहते आणि कडा गोल करते. सोबत बोरॉन घातला तर साडेआठशे-नऊशे अंशही पुरतात. पण फॉस्फरस वजनाने सात-आठ टक्क्यांच्या वर गेला की काच हवेतला ओलावा शोषते, फॉस्फोरिक आम्ल तयार होते आणि तेच ॲल्युमिनियम खाते.

मला सर्वांत भावलेला उपयोग मात्र विरघळण्याचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलेत रॉजर हाउ आणि रिचर्ड म्युलर यांनी फॉस्फोसिलिकेट काचेचा थर घातला, त्यावर पॉलिसिलिकॉनची पट्टी घडवली आणि सगळे हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवले. आम्ल कडेने आत शिरत काच खात गेले, सिलिकॉनला मात्र त्याने धक्का लावला नाही. उरली ती एका टोकाला धरलेली, खाली मायक्रॉन-दोन मायक्रॉनची पोकळी असलेली, कंप पावू शकणारी पट्टी. अवघड भाग पुढेच असतो. धुतल्यावर पोकळीतले पाणी सुकताना पट्टीला खाली ओढते आणि ती कायमची चिकटते. म्हणून ती अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडमध्ये सुकवतात, किंवा द्रवाऐवजी आम्लाची वाफच वापरतात. १९८८ मध्ये बर्कलेतच केसाच्या जाडीच्या तोडीची विद्युत मोटर फिरली, तीही अशीच सुटी केलेली. गाडीची एअरबॅग कधी उघडायची हे सांगणारे त्वरणमापक याच विद्येतून पुढे आले.

सौरघटात ही काच आपोआप तयार होते. फॉस्फरस ऑक्सिक्लोराइडची वाफ साडेआठशे अंशांच्या आसपास सिलिकॉनच्या चकतीवर सोडली की पृष्ठभागावर तिची पातळ साय धरते. तिच्यातला फॉस्फरस सिलिकॉनमध्ये झिरपतो आणि मग ती साय धुऊन टाकतात.

आता पुन्हा फायबरकडे. १९७४ मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन आणि अलेक गॅम्बलिंग यांनी फॉस्फोसिलिकेट गाभ्याचा, अगदी कमी प्रकाश गमावणारा फायबर केला. दूरसंचारात मात्र जर्मेनियम टिकले. फॉस्फरसयुक्त फायबरमध्ये झिरपलेल्या हायड्रोजनने प्रकाशाचा ऱ्हास वाढतो, आणि किरणोत्साराने तो काळवंडतो. हाच दोष जिनेव्हाजवळच्या सर्नमध्ये कामी आला. तिथे बोगद्यातून टाकलेला असा फायबर कुठे किती काळवंडला यावरून किरणोत्साराची मात्रा मोजतात. दीड मायक्रॉनच्या तरंगलांबीवर जास्त शक्ती देणाऱ्या लेसरांतही गाभा बहुधा फॉस्फोसिलिकेटचा असतो, कारण त्यात मिसळलेल्या यटर्बियमकडून अर्बियमकडे ऊर्जा उत्तम रीतीने जाते.

आपल्या शहरात प्रीफॉर्म आणि फायबरचे कसब मुरलेले आहे, शेजारी विद्यापीठ आणि अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तरीही चिप शिकवताना फळ्यावर परिपथ येतो आणि काचेचे रसायन दुसऱ्या विभागात राहते. कोलकात्याच्या केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेत अर्बियम फायबरवर काम झाले आहे. असे विशेष फायबर, वजनाने थोडे पण किमतीने भारी, संभाजीनगरात घडावेत असे मला मनापासून वाटते. सुरुवात म्हणून रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रीफॉर्मच्या निक्षेपणावर एक प्रकल्प ठेवला, आणि त्यासाठी वाळूजच्या एखाद्या अभियंत्याला मार्गदर्शक म्हणून बोलावले, तरी पुष्कळ होईल.