वकिलाचा पहिला धडा
रहस्यकथेत खुनी शेवटी सापडतो; येथे तो आरंभीच ठाऊक असतो! मिशिगनचे वकील जॉन व्होल्कर यांनी १९५२ साली एका लष्करी अधिकाऱ्याला खुनाच्या खटल्यातून सोडविले. त्याच अनुभवावर, पुढे न्यायमूर्ती झाल्यावर, ‘रॉबर्ट ट्रॅव्हर’ या टोपणनावाने त्यांनी १९५८ मध्ये ‘ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तीतला वकील बीग्लर अशिलाची सारी हकीकत ऐकण्याआधीच त्याला सुटकेच्या कायदेशीर वाटा समजावतो. मग अशिलाला आठवते, की गोळ्या झाडताना आपण भानावर नव्हतो! ज्यूरी त्याला सोडते. तो मात्र वकिलाची फी बुडवून पसार होतो. वाचकहो, बीग्लरने अशिलाला कायदा शिकविला, की खोटे बोलणे?