‘सवय होईल हळूहळू’ : पण मेंदूला सवय होते कशी?

कुकरच्या पहिल्या शिट्टीला माझा भाचा दचकतो. दुसरीला कानांवर हात दाबतो आणि तिसरीला रडत पलंगाखाली शिरतो. तो सहा वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे. आजी दर वेळी म्हणते, "अगं, सवय होईल त्याला हळूहळू." ताई गप्प बसते. तीन वर्षं ती हेच ऐकतेय.

आजचा लेख आजीच्या या एका वाक्याबद्दल.

एक गंमत करून बघा. तुमच्या अंगावरच्या कपड्याचा स्पर्श आत्ता जाणवतोय ना? मी सांगेपर्यंत जाणवत नव्हता. एखादी संवेदना वारंवार आली आणि तिच्यापासून धोका नसला, की मेंदू तिला द्यायचा प्रतिसाद कमी करत जातो. थोडक्यात, तो सरावतो. आपल्याला हे फुकट मिळतं, म्हणून त्याची किंमत कळत नाही.

२०१५ मध्ये शुलामित ग्रीन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या (लॉस एंजेलिस) त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. ऑटिझम असलेली १९ आणि नसलेली १९ मुलं एमआरआय यंत्रात असताना त्यांना थोडा त्रासदायक आवाज आणि खरखरीत स्पर्श पुन्हापुन्हा दिला. धोक्याची सूचना देणारा मेंदूतला भाग म्हणजे अमिग्डाला. ऑटिझम नसलेल्या मुलांमध्ये त्याचा प्रतिसाद हळूहळू ओसरला. पण ऑटिझम असलेल्या आणि संवेदनांचा जास्त त्रास होणाऱ्या मुलांमध्ये तो तसा ओसरला नाही. म्हणजे त्यांच्यासाठी तिसरी शिट्टीसुद्धा पहिलीच असते!

अभ्यास लहान आहे, त्यामुळे तो प्रत्येक मुलाला जसाच्या तसा लागू होईल असं नाही. ऑटिझम असलेल्या सगळ्याच मुलांना हा त्रास नसतो, हेही त्यात दिसलं. पण ‘नाटकं करतोय’ म्हणणाऱ्यांसाठी एवढं पुरेसं आहे.

काही मुलांचं याच्या अगदी उलट असतं. त्यांना संवेदना कमी पोचतात. गुडघा फुटला तरी ती रडत नाहीत, भूक किंवा शू लागल्याचं वेळेवर कळत नाही. सांधे आणि स्नायूंकडून शरीराच्या स्थितीची खबर नीट मिळाली नाही, तर मूल धडपडतं, उड्या मारतं, घट्ट मिठीत शिरतं. एकाच मुलात दोन्ही प्रकार असू शकतात. निदानाच्या ‘डीएसएम-५’ या अमेरिकन नियमावलीत संवेदनांचा मुद्दा २०१३ मध्ये आला. खरं तर लिओ कॅनर यांनी १९४३ मध्येच मोठ्या आवाजांना घाबरणाऱ्या मुलांबद्दल लिहून ठेवलं होतं.

मग घरी काय करायचं? आवाज होण्याआधी मुलाला सांगा. अचानक येणारा आवाज जास्त छळतो. त्रास कधी, कुठे, कशाने झाला ते आठवडाभर वहीत लिहा. बरेचदा त्यातून काहीतरी सूत्र सापडतं. शर्टाचं लेबल टोचत असेल तर सरळ कापून टाका. ऑक्युपेशनल थेरपिस्टला भेटा. आणि वागणं एकाएकी बदललं, तर आधी डॉक्टरांकडून कान, दात, पोट तपासून घ्या. दुखतंय हे प्रत्येक मुलाला सांगता येतंच असं नाही.

यातल्या कशानेही ऑटिझम ‘बरा’ होत नाही. पण दिवस सोपा होतो, मुलाचाही आणि आईचाही.

ताई आता तो शाळेत गेल्यावर कुकर लावते. सुट्टीच्या दिवशी आजी स्वयंपाकघरातून हाक मारते, "शिट्टी होणारे रे बाळा!" तो कानांवर हात ठेवतो आणि तिथेच बसून राहतो. त्याला सवय झालेली नाही. आम्हाला मात्र झाली.