वृक्क प्रतिरोपणोत्तर औषध-पातळी नियंत्रण

वृक्क प्रतिरोपणोत्तर औषध-पातळी नियंत्रण : दुसऱ्या व्यक्तीचे वृक्क (मूत्रपिंड) बसविल्यानंतर शरीराने ते नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या प्रतिरक्षादमनक औषधांचे रक्तातील प्रमाण ठराविक मर्यादांत राखण्याची पद्धती. औषध कमी पडल्यास वृक्काचा अस्वीकार होतो. जास्त झाल्यास संसर्ग बळावतात व काही औषधे वृक्कालाच अपाय करतात. या दोन धोक्यांमधील वाट अरुंद असून बालकांत व तरुणांत ती सांभाळणे विशेष अवघड असते.

इतिहास : जोसेफ मरी यांनी १९५४ मध्ये बॉस्टन येथे केलेले पहिले यशस्वी वृक्क प्रतिरोपण एकसारख्या जुळ्या भावांमधील असल्याने अस्वीकाराचा प्रश्न उद्‌भवला नाही. इतरांच्या बाबतीत ॲझाथायोप्रीन व स्टेरॉइडे यांचा आधार १९६० नंतर मिळाला. भारतात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात प्र. कु. सेन यांनी १९६५ मध्ये वृक्क प्रतिरोपणाचा प्रयत्न केला, तर वेल्लोर येथे १९७१ मध्ये त्यात यश आले. नॉर्वेतील मातीत सापडलेल्या कवकापासून सायक्लोस्पोरीन मिळाले व १९८० नंतरच्या दशकात ते प्रचारात आले. जपानमधील त्सुकुबा पर्वताच्या परिसरातील मातीतील सूक्ष्मजंतूपासून १९८४ मध्ये टॅक्रोलिमस वेगळे करण्यात आले. सध्या बहुतेक रुग्णांना टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट व अल्प मात्रेत स्टेरॉइड अशी औषधे एकत्रित देतात.

क्रिया व मापन : परके वृक्क ओळखणाऱ्या टी-लसीका कोशिकांना सक्रिय होण्यासाठी कॅल्सिन्यूरीन हे एंझाइम लागते. टॅक्रोलिमस त्याचे कार्य रोखते. त्यामुळे या कोशिकांची वाढ घडविणारा इंटरल्यूकिन-२ हा पदार्थ पुरेसा तयार होत नाही [→ प्रतिरक्षाविज्ञान].

सारखी मात्रा घेऊनही दोन व्यक्तींच्या रक्तातील टॅक्रोलिमसचे प्रमाण पुष्कळ भिन्न असू शकते. ज्यांच्यात सीवायपी३ए५ हे एंझाइम आनुवंशिकतेने कार्यक्षम असते, त्यांना साधारणपणे दीडपट ते दुप्पट मात्रा लागते. म्हणून मात्रा केवळ वजनावरून न ठरवता रक्तातील पातळीवरून ठरवितात. औषध दर १२ तासांनी घेतले जात असल्यास पुढील मात्रेच्या लगेच आधी रक्त घेतात; ही ‘किमान पातळी’ होय. पहिल्या काही महिन्यांत ती साधारणपणे दर मिलिलिटरला ८ ते १२ नॅनोग्रॅम व पुढे सु. ५ ते ८ नॅनोग्रॅम ठेवतात (१ नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश). नेमक्या मर्यादा रुग्णाचा धोका व प्रतिरोपणास झालेला काळ पाहून ठरतात. मात्रा बदलल्यावर पातळी स्थिर होण्यास दोन-तीन दिवस लागत असल्याने त्याआधीच्या चाचणीवरून निष्कर्ष काढणे योग्य नसते. सकाळची गोळी घेऊन नंतर रक्त दिल्यास पातळी खोटी वाढलेली दिसते व मात्रा अकारण कमी होण्याचा संभव असतो.

पनवेलहून मुंबईतील प्रतिरोपण केंद्रात तपासणीस जाणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हा मुद्दा व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. सकाळी नऊ वाजता रक्त द्यावयाचे असेल, तर आदल्या रात्रीची मात्रा नऊ वाजता घ्यावी लागते. सकाळची गोळी बरोबर नेऊन रक्त दिल्यावरच घ्यावी लागते. ही चाचणी संपूर्ण रक्तावर करतात. त्यामुळे गावातच योग्य वेळी नमुना घेऊन तो प्रयोगशाळेकडे पाठविणेही शक्य असते.

पातळी बदलणारे घटक : लहान मुलांचे यकृत व आतडे औषधाचे विघटन जलद करीत असल्याने त्यांना वजनाच्या मानाने अधिक मात्रा लागते, वाढीबरोबर ती पुन्हा ठरवावी लागते. क्लॅरिथ्रोमायसीन, डिल्टियाझेम व कवकनाशक फ्ल्यूकोनॅझोल यांमुळे पातळी वाढते. क्षयरोगावरील रिफँपिसीन आणि अपस्मारावरील फेनिटॉइन यांमुळे ती झपाट्याने उतरते. क्षयरोग आढळणाऱ्या आपल्या देशात रिफँपिसीनचा हा परिणाम विशेष ध्यानात ठेवावा लागतो. गणेशोत्सवाच्या सुमारास मिळणारे पपनसही पातळी वाढवू शकते. अतिसारातही पातळी वाढते. म्हणून पावसाळ्यात जुलाब झाल्यास औषध आपल्या मनाने वाढवू वा थांबवू नये, तर पातळी तपासून घ्यावी. उपवासाच्या दिवशीही औषधाची वेळ पाळावी लागते. एका कंपनीच्या औषधाऐवजी दुसऱ्या कंपनीचे घेतल्यास पातळी पुन्हा मोजणे इष्ट असते.

निदानातील पेच : वृक्काचे कार्य मंदावल्यास रक्तातील क्रिॲटिनीन वाढते. अस्वीकारात ते वाढते आणि टॅक्रोलिमस अधिक झाल्यासही वाढते, कारण हे औषध वृक्कातील सूक्ष्म रोहिण्या आकुंचित करते. पहिल्या स्थितीत उपचार तीव्र करावा लागतो, तर दुसऱ्या स्थितीत मात्रा उतरवावी लागते. म्हणजे लक्षण एकच, उपाय मात्र परस्परविरुद्ध. हातांची थरथर व रक्तशर्करेतील वाढ ही आधिक्याची सूचक असली, तरी ती निर्णायक नसतात. अशा वेळी योग्य वेळी मोजलेली किमान पातळी मार्गदर्शक ठरते. तरीही संशय उरल्यास सुईने वृक्काचा सूक्ष्म तुकडा काढून तपासावा लागतो. अतिदमनामुळे बीके व्हायरसाचा वृक्कसंसर्गही होऊ शकतो.

किशोरावस्था व खर्च : प्रतिरोपित वृक्क गमावण्याचे प्रमाण सु. १७ ते २४ या वयात अधिक आढळते. शिक्षण वा नोकरीसाठी घर सोडणे, बालरोग विभागातून प्रौढांच्या विभागात जाणे, स्टेरॉइडांमुळे चेहरा गोल होण्याचा संकोच आणि ‘आता बरे वाटते’ ही समजूत यांमुळे मात्रा चुकतात. एका दिवशीच्या आकड्यापेक्षा लागोपाठच्या पातळ्यांतील मोठे चढउतार अधिक अनिष्ट असतात व अनेकदा चुकलेल्या मात्रांचे ते पहिले चिन्ह असते. त्यावर दोष न देता कारण विचारणे उपयुक्त ठरते.

महाराष्ट्रातील राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेत २०१२ मध्ये पहिल्याच टप्प्यात रायगड जिल्ह्याचा समावेश झाला आणि वृक्क प्रतिरोपणासाठी वेगळी, २·५ लाख रुपयांची मर्यादा ठेवण्यात आली. २०१७ मध्ये योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. तथापि शस्त्रक्रिया एकदाच होते, तर औषध व पातळीची तपासणी वृक्क टिकेल तोवर चालू ठेवावी लागते. पैशाअभावी काही दिवस औषध बंद राहिल्यास वर्षानुवर्षे नीट चाललेले वृक्कही कायमचे निकामी होऊ शकते आणि रुग्णास पुन्हा अपोहनाकडे (डायालिसिसकडे) वळावे लागते.