सव्वाएकोणीस मिलिमीटरचं विरार

२०२३ सालातल्या तीन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क साठ टक्क्यांवरून सत्तरवर गेलं. १ एप्रिलला पुण्यातल्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयाला पंचवीस वर्षं झाली. आणि जुलैत फ्लाइंग राणी एक्सप्रेसचे दुमजली डबे निघाले. १९७९पासून आमच्या विरारवरून जाणारे ते डबे एका रविवारी संपले आणि त्यांच्या जागी देशातल्या इतर गाड्यांसारखेच एलएचबी डबे आले. छोटी रेल्वे बांधण्याच्या छंदात ज्यांनी उमेदीची वर्षं घातली, त्यांना या तिन्ही बातम्या एकत्रच वाचाव्या लागतात. खरी रेल्वे रोज थोडी थोडी पुसली जाते आहे, तिची हुबेहूब नोंद ठेवणारे हात थोडे आहेत आणि त्या हातांना लागणाऱ्या सामानावर खेळण्यांचा कर आहे.

माझ्या छंदाची सुरुवातीची वर्षं थोडक्यात सांगतो. विरारजवळच्या आमच्या वटार गावात लहान आकाराचं गाव उभं करण्याची कला नाताळच्या गोठ्यातून आली. डिसेंबर लागला की पोरं गोणपाट मातीच्या काल्यात बुडवून डोंगर उभारायची, परातीत नाचणी पेरून शेतं करायची, पुठ्ठ्याची कौलारू घरं आणि विहिरीवरचा रहाट करायची. खरे रहाट तेव्हा विजेच्या पंपांपुढे हटत होते. आखातात नोकरीला असलेल्या एका मामांनी इटालियन लिमा कंपनीचा रेल्वेचा संच आणला आणि एका वर्षी आम्ही तो गोठ्यामागच्या डोंगरातून फिरवला. गोठ्यांच्या स्पर्धेच्या परीक्षकांनी गुण कापले. बेथलेहेमात रेल्वे नव्हती, म्हणाले. त्या गोठ्यात बाळ येशू आमच्याच वाडीत, केळीच्या बागेत जन्मला होता आणि त्याला भेटायला येणारी माणसं विरारला उतरून येणार होती. हे मी तेव्हा त्यांना सांगितलं होतं आणि आजही सांगेन.

नव्वदचं दशक मात्र मला सावकाश सांगायचं आहे. मी तेव्हा रोज विरारहून लोकल पकडत असे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली उपनगरी गाडी निघाली, दिवसाला जाणारी एक, येणारी एक. १९३६ साली विजेची लोकल विरारपर्यंत आली. नव्वदीतल्या विरारला जे होतं ते देशात फार कमी ठिकाणी होतं. मुंबईकडची ओव्हरहेड तार १५०० व्होल्ट डीसीची आणि विरारच्या पुढे गुजरातकडे २५,००० व्होल्ट एसीची. दोन्ही विजांवर चालणारी डब्ल्यूकॅम-१ इंजिनं खास याच मार्गासाठी चित्तरंजनला १९७५ ते १९७९ या काळात बांधली गेली. विरार सोडलं की मधे तारेचा एक निर्जीव तुकडा येई. ड्रायव्हर वीज तोडून नुसत्या वेगावर गाडी त्याखालून काढी आणि पलीकडे दुसरी वीज घेई. डीसीला करंट जास्त लागतो म्हणून त्या बाजूची तांब्याची तार जाड आणि तिचा भार पेलणाऱ्या लोखंडी कमानी भक्कम होत्या. एसीच्या बाजूला सगळं हलकं. फलाटाच्या उत्तर टोकाला उभं राहिलं की हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसायचा. दिवसाला लाखो माणसं त्याखालून जात आणि वर कुणी बघत नसे. मला तो फरक माळ्यावर उभा करायचा होता.

पहिली अडचण रुळांचीच आली. जगभर सर्वाधिक चालणारं एचओ प्रमाण १:८७ आहे आणि त्याचा तयार रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचा. युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटर रुळाला ते माप बरोबर बसतं. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, म्हणजे १:८७ला सव्वाएकोणीस मिलिमीटर. तयार रुळावर आपली लोकल ठेवली की बारा फूट रुंदीचा डबा अरुंद पायांवर उभा राहिलेला दिसतो आणि लोकलचा सगळा रुबाब जातो. शहरातले काही जुने शौकीन मला समजावत, एवढ्याशा फरकाने काय होतं, आणि लोकल हा काय विषय आहे, स्विस आल्प्स कर. त्यांच्या दिवाणखान्यात बर्फाचे डोंगर होते, लाल डब्यांच्या गाड्या होत्या, सुंदर होत्या. पण त्यांतल्या एकाही स्टेशनावर ते कधी उतरले नव्हते. ज्या फलाटावर आपण रोज उभे राहतो त्याची उंची, त्याच्या पत्र्याचा उतार, त्याच्या खांबांवरचा रंग ज्याला बघावासा वाटत नाही त्याने आल्प्स करावेत, असं माझं तेव्हाही मत होतं.

मग रूळ हातानेच केले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला तांब्याचा पत्रा चढवलेले सर्किट बोर्डाचे तुकडे वजनावर मिळत. त्यांच्या पट्ट्या कापायच्या, प्रत्येकीवर मधोमध तांबं खरवडून दोन बाजूंचा विजेचा संबंध तोडायचा, नाहीतर शॉर्टसर्किट होतं, आणि मापपट्टी लावून दोन्ही रूळ त्यावर सोल्डर करायचे. सरळ रूळ लवकर जमतो. सांध्याची चिमटी अर्धा मिलिमीटर चुकली तरी चाक उतरतं. चाकंही आसावर सरकवून रुंद करावी लागत. लोकलचा डबा जवळजवळ चोवीस सेंटीमीटरचा होतो, नऊ डब्यांची गाडी दोन मीटरच्या पुढे जाते. एवढ्या लांब गाडीला वळणही मोठं लागतं, म्हणून माळ्याच्या चारही भिंती रेल्वेने घेतल्या. घरातल्यांनी ते सोसलं, त्याचं ऋण मोठं आहे.

खरा आनंद बारकाव्यांत होता. बाहेरच्या पाकिटातली खडी फिकट करडी असते. आपली खडी काळ्या दगडाची. ती क्रशरची भुकटी चाळून मिळाली, पातळ केलेल्या फेविकॉलने बसवली. स्टेशनात गाड्या ब्रेक लावतात तिथे लोखंडाचा भुगा पडून खडी तांबूस-तपकिरी होते, दोन स्टेशनांमधे ती काळीच राहते. हे मी रोज खिडकीतून बघून ठरवलं होतं. पहाटेच्या लोकलने आमच्या गावच्या बायका फुलं आणि भाजी दादरला नेत. त्यांच्या टोपल्या फलाटावर लगेजचा डबा लागतो त्याच जागी असायला हव्यात, दुसरीकडे नाही. माणसं जर्मन प्रायझर कंपनीची मिळत, कोट आणि हॅट घातलेली. अठरा मिलिमीटरच्या त्या आकृतीची हॅट ब्लेडने काढायची आणि टिश्यू पेपरचा कपटा फेविकॉलच्या पाण्यात भिजवून तिला लाल लुगडं नेसवायचं. भिंग लावून हे करताना संध्याकाळ कधी संपली ते कळत नसे.

वटारला समुद्र जवळ. खारी हवा पितळी रुळांवर दोन दिवसांत काळा थर चढवते आणि बारा व्होल्टची गाडी त्यावर धक्के खात थांबते. रूळ पुसणं हे इथे रोजचं काम. पावसाळ्यात प्लायवुड फुगे, सांधे हलत. आल्प्सवाल्यांच्या वातानुकूलित खोल्यांत हे प्रश्न नव्हते.

या दशकाचा कळस १९९८ साली पुण्यात पाहिला. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी आपलं लघुरेल्वे संग्रहालय लोकांसाठी उघडलं. त्याआधी ऐंशीच्या दशकात त्यांनी हलवता येणारा देखावा करून प्रदर्शनं भरवली होती. मी पाहिलं ते एक पूर्ण लहान शहर होतं. सिग्नल स्वतः बदलत होते, पुढचा पट्टा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी हलत नव्हती, दिवस मावळून दिवे लागत होते. परदेशी पुस्तकांत वाचलेलं सगळं एका मराठी माणसाने आयुष्य घालून उभं केलं होतं आणि शाळेची पोरं तिकीट काढून ते बघत होती. आपला छंद चार भिंतींत लपवायची गोष्ट नाही, हे मला तिथे प्रथम पटलं. २००१ साली हॅम्बुर्गला मिनिआटुर वुंडरलँड उघडलं आणि त्या शहराचं मोठं आकर्षण ठरलं. जोशींनी आपलं दार त्याच्या तीन वर्षं आधी उघडलं होतं. त्यांच्या संग्रहालयामागे महाराष्ट्राने उभं राहायला हवं होतं. प्रत्येक जिल्ह्यात आपल्या भागातली रेल्वे दाखवणारं एक दालन झालं असतं.

पुढची दहा-बारा वर्षं मला विशेष आठवत नाहीत. लिमा बुडाली. २००७ साली जांभळ्या-पांढऱ्या नव्या लोकल आल्या, बोरिवली-विरार चार मार्ग झाले. फेब्रुवारी २०१२मध्ये पश्चिम रेल्वेवरची डीसी वीज पूर्ण संपली आणि माझ्या माळ्यावरचं विरार इतिहासात गेलं. तो निर्जीव तुकडा, ती दोन तऱ्हेची तार, चौकटीच्या पँटोग्राफच्या जुन्या लोकल आता फक्त छायाचित्रांत उरल्या.

आणि मग सामानाचाच रस्ता बंद होत गेला. डिसेंबर २०१९मध्ये परदेशातून भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंची शुल्कसवलत गेली, राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळून. फेब्रुवारी २०२०मध्ये खेळण्यांवरचं शुल्क वीसवरून साठ टक्के झालं. जानेवारी २०२१पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्हाची सक्ती आली. देशी खेळणी वाढावीत, लहान मुलांच्या हातात विषारी रंग जाऊ नये, याला माझा विरोध नाही. पण शुल्काच्या यादीत ९५०३ या एकाच शीर्षकाखाली बाहुल्या, तीनचाकी सायकली आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती एकत्र आहेत. आठ वर्षांच्या मुलाचं प्लास्टिकचं इंजिन आणि साठीतल्या माणसाने रेल्वेची नोंद ठेवण्यासाठी मागवलेली चाकांची जोडी त्या यादीला सारखीच. माझं एक पार्सल, डब्यांच्या बोगींचं, एका कचेरीत अडकून परत गेलं. देशात त्या मापाची चाकं करणारा मला कुणी सापडलेला नाही. ज्या वस्तूचा देशी कारखानाच नाही, तिच्यावरचा सत्तर टक्के कर नेमकं कुणाचं रक्षण करतो? प्रतिकृतींसाठी वेगळी ओळ काढणं हे एका अधिसूचनेचं काम आहे.

विरारमधली काही मुलं आता थ्रीडी प्रिंटरवर डबे काढतात. हात त्यांचे स्वच्छ आहेत, खिडक्या माझ्यापेक्षा सरळ येतात. पण त्यांना मापं द्यायला कुणीतरी हवं, कारण संगणकात नसलेलं माप यंत्र छापत नाही. सध्या आम्ही मिळून फ्लाइंग राणीचा दुमजली डबा करतो आहोत. खालच्या मजल्याच्या खिडक्या फलाटाच्या पातळीपासून किती वर होत्या, जिना आतून कुठल्या बाजूला वळत होता, याची छायाचित्रं आम्हाला हवी आहेत. १९९५च्या आसपासच्या विरार फलाटाच्या उत्तर टोकाचं, ओव्हरहेड तार दिसेल असं एखादं लग्नाच्या वऱ्हाडाचं किंवा सहलीचं चित्र कुणाच्या कपाटात असेल, तर ते शोधून काढा. मागे कोण उभं आहे त्याच्याशी आम्हाला काम नाही, त्यांच्या डोक्यावरची तार आम्हाला मोजायची आहे.