गावाच्या मधोमध कोसळणारी नदी

धबधबा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पावसाळा, घाट, निसरडी वाट आणि “पुढं जाऊ नका गं” म्हणून ओरडणारी एखादी काकू. धबधबा गावापासून लांब, डोंगरात असतो हे आपण धरूनच चालतो. आज ज्या गावाची गोष्ट आम्ही सांगणार आहोत, तिथं मात्र धबधबा भर वस्तीत आहे. पूल, दुकानं, कॉफी पीत बसलेली माणसं, आणि त्यांच्या समोरच सुमारे २७ मीटरवरून, म्हणजे आठ-नऊ मजली इमारतीच्या उंचीवरून, अख्खी नदी खाली उडी घेते.

हे गाव इटली देशात आहे. नाव ईसोला देल लीरी. ‘ईसोला’ म्हणजे बेट आणि ‘लीरी’ हे नदीचं नाव, म्हणजे लीरीचं बेट. रोम शहराच्या आग्नेयेला साधारण १०० किलोमीटरवर, फ्रोझिनोने जिल्ह्यात ते येतं. वस्ती अकरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी. इटलीला जाणारे लोक रोम, व्हेनिस, फ्लॉरेन्स बघून परततात. इकडं फारसं कुणी वळत नाही.

नदी गावात शिरते आणि किल्ल्याच्या खडकापाशी तिचे दोन फाटे होतात. या दोन फाट्यांच्या मध्ये जुनं गाव वसलंय, म्हणून ते बेट. दोन फाटे, म्हणून धबधबेही दोन. एक सरळ उभा कोसळतो, त्याला तिथले लोक ‘मोठा धबधबा’ म्हणतात. फोटोत दिसतो तो हाच, आणि रात्री त्याच्यावर दिवे सोडतात. दुसऱ्याचं नाव वाल्काटोयो. तो उभा पडत नाही, उतारावरून लांबवर घसरत येतो. पण बऱ्याचदा त्याच्यात पाणी कमीच दिसतं. ते आटलेलं नसतं. वरच्या बाजूला ते वळवून वीज तयार करण्यासाठी नेलेलं असतं.

हा दुसरा धबधबा आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्याला पडू दिलंय आणि दुसऱ्याला कामाला लावलंय. या गावाची सगळी गोष्ट त्या कामाचीच आहे.

उंचावरून पडणाऱ्या पाण्यात जोर असतो, हे आपल्याला सांगायला नको. त्या जोरावर चाक फिरतं, चाकावर जातं फिरतं, लोकर कुटली जाते, कागदाचा लगदा होतो. पुढं त्याच जोरावर वीजही होते. गोकाकचा धबधबा ज्यांनी पाहिलाय त्यांना तिथली सूतगिरणी आठवेल, तीही पाण्याच्याच बळावर उभी राहिली. ईसोला देल लीरीत आणि आसपास अशा गिरण्या एक-दोन नव्हत्या, लोकरीच्या होत्या आणि त्याहून मोठ्या कागदाच्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं फ्रेंचांची सत्ता आली, तेव्हा फ्रान्सहून आलेल्या लफेव्र कुटुंबानं कागदाचा धंदा चांगलाच वाढवला.

कागदाला नुसता जोर पुरत नाही, स्वच्छ पाणीही लागतं. गढूळ पाण्यात लगदा धुतला तर कागद मळकट होतो. इथं ते पाणीही होतं. गावाजवळ लीरीला फिब्रेनो नावाची छोटी नदी मिळते. चुनखडीच्या डोंगरात मुरलेलं पाणी झऱ्यांनी वर येतं, त्याचं तळं होतं आणि तळ्यातून ही नदी निघते. त्यामुळं ती बारमाही, थंडगार आणि नितळ. त्या तळ्यात झाडापाल्याचा आणि मुळांचा एक तरंगता तुकडा आहे, छोटं बेटच, वाऱ्यानं इकडून तिकडं सरकतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका रोमन लेखकानंही त्याची नोंद करून ठेवलीय. पण आपण कागदाकडं येऊ.

त्या काळी कागद लाकडापासून नाही, चिंध्यांपासून व्हायचा. ताग-अंबाडीसारख्या धाग्यांचे, सुताचे जुने कपडे गाड्या भरभरून गिरणीत यायचे. ते निवडणार कोण? युरोपभर हे काम बायकांचं आणि पोरींचं होतं, इथंही तसंच. ढिगासमोर बसायचं, बटणं-आकडे काढायचे, शिवणी उसवायच्या, पांढरं वेगळं, रंगीत वेगळं, जाड वेगळं, बारीक वेगळं. मग समोर उभ्या बसवलेल्या पात्यावर ओढून त्याचे तुकडे करायचे. कुणाच्या अंगावरचे कपडे, कुठल्या रोग्याचे, कुणास ठाऊक. धूळ नाकातोंडात जायची, खोकला धरायचा, साथीचे आजार पसरायचे. यंत्रावर उभा राहणारा पुरुष कारागीर, त्याची मजुरी जास्त. निवडणाऱ्या बाईची कमी, कारण हे काम ‘हाताला सवयीचं’ समजलं जायचं. धान्य निवडणाऱ्या, मिरचीची देठं खुडणाऱ्या, कांदा प्रतवारीला जाणाऱ्या आपल्या बायकांना हे वाक्य ओळखीचं वाटेल.

त्या चिंध्यांच्या कागदावर पुस्तकं छापली गेली, वकिलांचे दस्तऐवज लिहिले गेले. निवडणाऱ्यांपैकी कितीजणींना ते वाचता येत असेल?

पुढं लाकडाचा लगदा आला, वीज आली. मग वाहत्या पाण्याच्या शेजारीच गिरणी हवी ही गरज संपली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. भिंती, धुराडी, पाण्याचे पाट उरले. आता गाव पाहुण्यांकडं आशेनं बघतंय. उन्हाळ्यात तिथं संगीताचा मोठा उत्सव भरतो. अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांचं ‘ब्लूज’ नावाचं गाणं, ते तिथं ऐकायला मिळतं.

किल्ल्याबद्दल एक गंमत सांगतो. दोन धबधब्यांच्या मधल्या खडकावर उभा असलेला हा वाडावजा किल्ला सोळाव्या शतकाच्या शेवटी बोनकोम्पान्यी घराण्याकडं आला. ज्यानं तो मिळवला तो जाकोमो, पोप तेराव्या ग्रेगरींचा मुलगा. हेच ते पोप, ज्यांनी १५८२ साली तारखांचा हिशोब दुरुस्त करून घेतला. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जानेवारी-फेब्रुवारी ज्या हिशोबानं छापलेले असतात, तो त्यांचाच. पोपला मुलगा कसा, असं विचाराल, तर तो त्यांना पाद्री होण्याआधी झालेला.

किल्ला देखणा, पण गावानं वाईट दिवसही पाहिलेत. १७९९ च्या मे महिन्यात माघार घेणाऱ्या फ्रेंच फौजेनं इथं कत्तल केली. सान लोरेन्झोच्या चर्चमध्ये आसऱ्याला गेलेली माणसंही वाचली नाहीत.

जवळच डोंगरावर आर्पिनो नावाचं गाव आहे. रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो इसवी सन पूर्व १०६ मध्ये तिथं जन्मला. फिब्रेनो आणि लीरीच्या संगमाजवळ त्याच्या घराण्याचा वाडा होता, आणि कायद्यावरच्या त्याच्या ग्रंथातला संवाद त्याच नदीकाठी घडतो.

या खोऱ्याशी आपलंही एक नातं आहे, आणि ते दुःखाचं आहे. लीरी खाली वाहत जाते तिकडं कासिनो शहर लागतं. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली तिथं महिनोन्‌महिने लढाई चालली. मे महिन्यात आठव्या भारतीय डिव्हिजननं गारी नदी ओलांडली आणि लीरीच्या खोऱ्यात शिरकाव केला. त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणही होती. कासिनोच्या युद्ध दफनभूमीत भारतीय सैनिकांची नावं कोरलेली आहेत. आपल्या सातारा, कोल्हापूर, रायगड भागातल्या कितीतरी घरांत ‘आजोबा इटलीच्या लढाईला गेले होते’ असं सांगतात. त्या घरातलं कुणी तिकडं गेलंच, तर धबधब्याआधी कासिनोला जावं, असं आम्हाला वाटतं.

आता जायचं कसं. कुणाची लेक, भाचा, नात नोकरी-शिक्षणासाठी युरोपात असते, आणि आईला बोलावणं येतं. इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. तो साधारणपणे १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्यापुरता असतो, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा काढावाच लागतो. पासपोर्टची मुदत परतल्यानंतरही तीन महिने शिल्लक हवी. रोमहून फ्रोझिनोनेपर्यंत रेल्वे, पुढं बस. बसचं तिकीट आधीच काढून ठेवायचं, ते बहुधा तंबाखूच्या दुकानात मिळतं. रविवारी आणि सणाच्या दिवशी बस कमी असतात, म्हणून परतीची वेळ आधी विचारून घ्या. दुपारी एकच्या पुढं दोन-तीन तास बरीच दुकानं बंद राहतात. शौचालयाची अडचण वाटली तर कॉफीच्या दुकानात एक कॉफी घेतली की तिथलं वापरता येतं, लाजायचं कारण नाही.

आणि ऋतूचं ध्यानात ठेवा. तिथला पाऊस आपल्या उलट असतो. जून-जुलै-ऑगस्ट कोरडे, आणि पाणी शरदापासून वसंतापर्यंत. आपल्या पावसाळ्याच्या हिशोबानं ऑगस्टमध्ये गेलात तर ऊन आणि गर्दी मिळेल. नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये चांगला पाऊस होऊन गेलेला असला, तर मोठा धबधबा दणाणत असतो. पुलावरून त्याचे तुषार अंगावर घ्या, मग किल्ल्याला वळसा घालून पलीकडं वाल्काटोयोकडं जा. वीजघराला पुरून पाणी उरलेलं असलं, तर त्या दिवशी तोही वाहताना दिसेल.