बोटं दुखतात ती ॲक्शनमुळे

पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताना बहुतेक जण ब्रँड, रंग आणि किंमत पाहतात. महिनाभरात बोटं सोलवटली, की ‘स्वस्तातली घेतली, तिथंच चुकलं’ असं म्हणतात. दोष बहुधा किमतीचा नसतो. तो असतो ॲक्शनचा, म्हणजे तारा आणि फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) यांच्यातल्या अंतराचा.

नवी सायकल आणली की सीट आपल्या उंचीला लावून घेतो, तसंच हे. बाराव्या फ्रेटपाशी स्टीलची मोजपट्टी उभी धरा. सर्वांत जाड तारेखाली साधारण 2 मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दीडच्या आसपास अंतर असलं, की नवशिक्याचं भागतं. फारच खाली आणलं तर तार फ्रेटला घासून झणझणते. त्यामुळे जितकी खाली तितकी चांगली, हेही खरं नाही. ही उंची ब्रिजवरच्या (तारा जिथं टेकतात तो भाग) बारीक स्क्रूंनी बदलते. मानेचा बाक मात्र आतल्या ट्रस रॉडने (ताण पेलणारी पोलादी सळई) सुधारतात. ते काम जाणकाराकडेच द्यावं. मुंबई-कोकणातल्या दमट पावसाळ्यात लाकूड हलतं, तेव्हा ॲक्शन पुन्हा तपासावी.

‘आधी अकूस्टिकच शिका’ ही सक्तीही अनाठायी. इलेक्ट्रिकची सर्वांत बारीक तार सहसा 0.009 किंवा 0.010 इंचाची, अकूस्टिकची बहुधा 0.012 इंचाची. दाबायला इलेक्ट्रिकच हलकी.

पैसे देण्याआधी दुकानदाराकडून ॲक्शन लावून घ्या. तो टाळाटाळ करू लागला, तर दुसरं दुकान बघा.